गाव सोडणाऱ्या मुलासाठी शिदोरी

(श्रीभैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



श्रीभैरवनाथाच्या कृपेने आज आपल्या मंदिरावर कलश चढला. हा दिवस पाहण्याचे भाग्य आपणां सर्वांना लाभले. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे आभार मानले गेले, ज्यांनी श्रमदान केले त्यांचेही मानले गेले. पण ज्या आया-बहिणींनी दोन वर्षे पाथरवटांना आणि गवंड्यांना पाळीपाळीने भाकरी पोचवली, त्यांचे नाव मला यादीत दिसले नाही. म्हणून त्यांचे आभार मी आधी मानतो आणि मग बोलायला सुरुवात करतो.

दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना उपदेशाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असा समितीचा हुकूम आहे. उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. विजेच्या तारा जोडण्यात माझा जन्म गेला. तेव्हा असे करतो, समोर बसलेल्या मुलांना उपदेश न करता एका जुन्या मुलाशी बोलतो. हा मुलगा १९७३ साली अकरावी मॅट्रिक होऊन, सतराव्या वर्षी, याच गावातून मुंबईला निघाला होता. तो मुलगा मीच. आज जे मला ठाऊक आहे त्यातले काय त्याच्या शिदोरीत बांधून द्यावे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय. बाकीच्यांनी ऐकावे. पटेल ते घ्यावे, न पटेल ते इथेच पारावर ठेवून जावे.

आजच्या मुलांना तो काळ थोडा सांगितला पाहिजे. १९७२ चा दुष्काळ नुकताच डोक्यावरून गेला होता. कालपर्यंत स्वतःच्या रानात राबणारी माणसे रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. रेशनच्या दुकानात तांबडी मिलो मिळे, पोरांना सुकडी मिळे. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. अशा घरातून निघालेल्या मुलाला पगार सोडून दुसरे काय दिसणार? मुंबईत लालबाग-परळला गावची खोली होती. एका खोलीत तीस-तीस माणसे नावाला राहत. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत, म्हणून ती त्या खोलीत मावत. गिरणीत ओळखीने 'बदली'त नाव लागे. बदली कामगाराने रोज पाळी सुरू होण्याआधी दारावर उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाही तर आल्या वाटेने परत.

त्या मुलाला मी पहिली गोष्ट सांगेन ती ही, की बाळा, नोकरी आणि काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नोकरी देणाऱ्याची असते, तो ती काढूनही घेतो. काम मात्र ज्याच्या हातात बसले त्याचे होते.

हे शहाणपण माझे नव्हे. आमच्या खोलीचे कारभारी म्हणून आपल्याच गावचे एक वडीलधारे गृहस्थ होते. ते नव्या पोराला सांगत, "पाळी सुटल्यावर झोपायचं तेवढं झोप, पण उरलेल्या वेळात हाताला काहीतरी शिकव." त्यांच्या धाकाने कोणी शिवणकाम शिकला, कोणी मोटार चालवायला शिकला, कोणी लेथवर बसला. मी गिरणीच्या वीज खात्यात मदतनीस होतो. रात्रीच्या वर्गाला जाऊन मी वायरमनची परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. त्या वेळी तो कागद ट्रंकेच्या तळाशी पडून राहिला. गिरणी होती, पगार होता, त्याची गरज कोणाला वाटणार?

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. दोन-चार महिन्यांत मिटेल, असे जो तो म्हणत होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हा वाद मी या पवित्र ठिकाणी काढत नाही. कापड तर संपाच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे चालले होते. पुढे बऱ्याच गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि आज त्यांच्या जागी मॉल आणि मोठमोठी ऑफिसे उभी आहेत.

मी फक्त आमच्या खोलीत काय पाहिले ते सांगतो. आमच्यात साचेखात्यातले एक विणकर होते. साच्याच्या आवाजावरून कुठे सूत तुटले ते सांगत, असा त्यांचा कान. कामाला वाघ, व्यसन कसले नाही. पण त्यांचे सारे कसब त्या साच्याशी बांधलेले होते. साचा थांबला आणि त्यांचे कसबही थांबले. पंचेचाळिसाव्या वर्षी ते गावी परत आले आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने गेले. त्याच खोलीतला शिंपी, ड्रायव्हर, लेथवाला यांनाही त्या वर्षी उपास घडले, नाही असे नाही. पण वर्ष-दीड वर्षात ते सावरले. माझा ट्रंकेतला कागदही तेव्हाच बाहेर निघाला. चाळीतल्या वायरिंगच्या कामावर आमचे घर चालले आणि पुढे त्याच परवान्यावर कारखान्यात नोकरी मिळाली. ज्याचे काम गिरणीच्या दाराबाहेर चालत होते तो तरला. त्या विणकरांपेक्षा आम्ही जास्त हुशार होतो किंवा जास्त कष्टाळू होतो, असे मुळीच नव्हते.

म्हणून त्या मुलाला मी सांगेन, की दर पाच वर्षांनी स्वतःला एक प्रश्न विचार. उद्या हे दार बंद झाले, तर माझे काम दाराबाहेर चालेल काय? उत्तर 'नाही' आले तर त्याच दिवसापासून दुसरे काही शिकायला लाग. नोकरी टिकून असते तोवरच शिकता येते. पोटाला चिमटा बसल्यावर माणूस शिकत नाही, मिळेल ते करतो.

आणि शिकायचे म्हणजे कामामागचे कारण शिकायचे. याचे उदाहरण आपण सर्वांनी गेली दोन वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. आपला गाभारा काळ्या पाषाणाचा, चुन्यात बांधलेला. मधल्या काळात कोणीतरी सांधे सिमेंटने लिंपले, वरून ऑइल पेंट दिला आणि भिंती आतून ओलावू लागल्या. आपल्याला वाटले, गाभारा पाडूनच नवा बांधावा. पण आपले मिस्त्री म्हणाले, "दगडाला दोष नाही. चुन्याचा सांधा ओल बाहेर टाकतो. सिमेंटनं आणि रंगानं तिची वाटच बंद केली." त्यांनी रंग खरवडून काढला, सिमेंट काढले, चुना भिजवून मुरवला, घाणीत मळून घेतला. जुन्या पद्धतीप्रमाणे त्यात गूळ, बेलफळ आणि हिरड्याचे पाणी घातले आणि सांधे पुन्हा भरले. गाभारा वाचला. हा माणूस शाळेत किती शिकला, हे मी विचारले नाही. पण त्याला कारण ठाऊक आहे. हाताची सवय एका यंत्रापुरती चालते. कारण कळलेला माणूस दहा ठिकाणी चालतो.

समोरच्या मुलांनो, हे तुम्हांलाही लागू आहे. तुमच्यातले काही शिरवळ, रांजणगाव, चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडून लागतील. दिवसभर एकच बटण दाबण्याचे काम मिळाले तर ते करा, त्यात कमीपणा नाही. पण त्या यंत्राच्या पोटात काय चालले आहे, हे विचारल्याशिवाय राहू नका. आय.टी.आय.चा मार्ग आहे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी करून विद्यावेतन घेत शिकता येते. काहीजण पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. अवश्य करा. मात्र किती वर्षे करणार, हे आजच घरच्यांसमोर ठरवा. जागा थोड्या आणि मुले फार, यात मुलांचा काय दोष? पण तिशी गाठेपर्यंत हातात दुसरे काहीच नसणे, हे त्या साच्यावरच्या विणकरासारखेच आहे.

दुसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. ती म्हणजे कागद जपणे.

आपल्या लोकांना जमिनीचा सात-बारा जपायचे कळते, नोकरीचा कागद मात्र चुलीत जातो. पगाराची चिठ्ठी, तिकीट नंबर, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, ई.एस.आय.चे कार्ड, ही गिरणी कामगाराची सात-बाराच होती. २०१२ पासून म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येत होता. पण तो पटावर होता हे दाखवायचे कशाने? तीस वर्षे झालेली, गिरणी पाडलेली, कारकून वारलेला. अशा वेळी कोणाच्या देव्हाऱ्यामागे ठेवलेले फाटके कार्ड कामी आले, तर कोणाच्या विधवेला पुराव्याच्या एका चिठोऱ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मी स्वतः अशा चार-पाच जणींबरोबर गेलो आहे. नवऱ्याने वीस वर्षे धूळ खाल्ली आणि त्याची कुठे नोंद नाही, असे ऐकताना बाईचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिले आहे.

म्हणून बाळा, पहिल्या पगारापासून एक पत्र्याचा डबा कर आणि प्रत्येक कागद त्यात टाक. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा झाला. कायदे झाले, पण कागद नसलेल्याला कायदा ओळखत नाही. आजच्या मुलांना तर पगारातून कापलेला फंड खरोखर भरला की नाही, हे मोबाईलवर पाहता येते. दर महिन्याला पाहत जा. नसेल भरला, तर चार जण मिळून विचारा. एकट्याने विचारले तर नोकरीची भीती, चौघांनी विचारले तर उत्तर देणे भाग पडते.

तिसरी गोष्ट पैशाची. ती थोडक्यात सांगतो, कारण तिचा हिशेब सोपा आहे. आठ टक्के चक्रवाढ धरा. रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, अठरा वर्षांत चौपट, सत्तावीस वर्षांत आठपट आणि छत्तीस वर्षांत सोळापट. म्हणजे अठराव्या वर्षी बाजूला टाकलेला हजार रुपया चौपन्नाव्या वर्षी सोळा हजार होतो. तोच रुपया छत्तिसाव्या वर्षी टाकला, तर चार हजारांवर थांबतो. महागाई यातले बरेच खाऊन टाकते, हे खरे. पण शिल्लकच नसेल, तर महागाई माणसालाच खाते. आता उलट बाजू पाहा. शेकडा दोन रुपये महिन्याने कर्ज काढले आणि व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर तीन वर्षांत कर्ज दुप्पट. आपल्याकडे शेकडा दोनने उचल होते ती बहुधा लग्नातल्या मांडवासाठी, जत्रेतल्या मानपानासाठी. भैरवनाथाने कोणाकडे कर्ज काढून नैवेद्य मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

प्रकृतीविषयी एकच वाक्य. तंबाखूची चंची आणि गुत्त्याची वाट, या दोन गोष्टींनी आमच्या खोलीतली जितकी माणसे नेली, तितकी कोणत्याही यंत्राने नेली नाहीत.

चौथी गोष्ट घरची. त्या काळी पैसे मनीऑर्डरने येत. फॉर्मच्या खाली कुपन असे आणि त्यावर चार ओळी लिहायला चिंचोळी जागा असे. बहुतेक लोक लिहीत, 'पैसे पाठविले आहेत, मिळाल्याचे कळवावे.' त्या मुलाला मी सांगेन, ती जागा कोरी ठेवू नकोस, आणि पैशाबद्दल लिहून वायाही घालवू नकोस. काय जेवलास ते लिही. खोकला बरा झाला का ते लिही. आईला वाचता येत नसे, पोस्टमन वाचून दाखवी. पण पैसे दोन दिवसांत दुकानदाराकडे जात आणि कुपन वर्षभर फळीवर राही. आज तुमच्या हातात फोन आहे, जागा चिंचोळी नाही. तरी आईला फोन केला की 'पैसे टाकलेत' एवढेच बोलून ठेवणारी मुले मला ठाऊक आहेत.

घरच्या गोष्टीतच बहिणीची गोष्ट येते. गाव सोडणाऱ्या मुलाच्या मागे कोण राहते? आई, बायको, बहीण. शेत त्याच कसतात, गुरे त्याच पाहतात, म्हातारी माणसे त्याच सांभाळतात. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या निम्म्या या बायांच्या जिवावर. तेव्हा मुलाला मी सांगेन, पहिल्या बढतीचा पहिला वाटा बहिणीच्या शाळेला दे. सावित्रीबाई फुले आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. ज्या मातीत हे घडले, त्या मातीतल्या मुलीची शाळा 'लांब पडते' म्हणून सुटावी, हे आपल्याला शोभत नाही. आज ज्यांचा सत्कार झाला त्यांत मुलींची संख्या जास्त आहे. टाळ्या आपण वाजवल्या. आता पुढच्या वर्गाची फी कोण भरणार, तेही आजच ठरवू या.

शेवटची गोष्ट मात्र त्या मुलाला नव्हे, आपणां सर्वांना सांगायची आहे.

जुना सभामंडप उतरवला, त्याचे सागवानी खांब आणि तुळया मंदिराच्या मागे रचून ठेवल्या आहेत. त्यांचा लिलाव करावा आणि येणाऱ्या पैशातून प्रवेशद्वारावर कमान उभी करावी, अशी चर्चा चालू असल्याचे मी ऐकतो. कमान शोभेची होईल, यात शंका नाही. पण माझी समितीला हात जोडून विनंती आहे, की ते लाकूड विकू नये. त्याच्या फळ्या कापून बाके आणि कपाटे करावीत आणि धर्मशाळेच्या रिकाम्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू करावी. कर्मवीरांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, तेव्हा तेथे 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. आपण एवढे मोठे काही करीत नाही. रात्री दिवा, बसायला बाक आणि चार पुस्तके, एवढेच. वायरिंग मी स्वतः करीन. हात थोडा कापतो, पण परवाना अजून जपून ठेवला आहे.

पुण्या-मुंबईकरांनाही एक मागणे आहे. वर्गणी आपण सढळ हाताने दिलीत. आता प्रत्येकाने गावातले एक मूल वाटून घ्यावे. पैसे द्यावेच असे नाही. त्याला कोणता अर्ज कधी करायचा, कोणत्या शहरात कोणते शिक्षण मिळते, हे वेळेवर सांगावे. आम्हांला आमच्या खोलीचे कारभारी भेटले म्हणून आम्ही तरलो. ज्यांना असा माणूस भेटला नाही, त्यांची नावे मी इथे घेत नाही, पण ती तुम्हां-आम्हांला ठाऊक आहेत. काहींच्या घराला आजही कुलूप आहे.

मंदिराचा जीर्णोद्धार झाला, त्यात गाभारा राखला आणि मोडके तेवढे बदलले. माणसाच्या आयुष्याचेही दर काही वर्षांनी असेच करावे लागते. ते करण्याची बुद्धी आणि बळ या समोर बसलेल्या मुलामुलींना मिळो, त्यांच्या हाताला दाराबाहेर चालणारे काम लागो आणि ती कुठेही गेली तरी त्यांच्या घराचे दार उघडे राहो, अशी श्रीभैरवनाथाच्या चरणी प्रार्थना करतो. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!